एन१०० की ७३२०यू: "ई-कचरा" म्हणणाऱ्यांना उत्तर

सायलेंट_मोड (धागाकर्ता)

साध्या वापराच्या लॅपटॉपला इंटेलचा एन१०० प्रोसेसर बरा की एएमडीचा रायझन ३ ७३२०यू, यावर चाललेल्या चर्चेत एका सदस्याने ठणकावून लिहिलं: "इंटेल एन१०० म्हणजे ई-कचरा. ४ कोर, ४ थ्रेड. रायझन ३ ७३२०यू घ्या, ८ थ्रेड आहेत, म्हणजे सरळ दुप्पट वेग." लगेच खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं, म्हणून वेगळा धागा.

८ थ्रेड म्हणजे दुप्पट वेग हे गणित कुठून आलं? दोघांतही कोर, म्हणजे प्रत्यक्ष राबणारे भाग, चारच आहेत. थ्रेड म्हणजे कोरपुढची कामाची रांग. एकाच कोरवर दोन थ्रेड बसवले की वीस-तीस टक्के काम जास्त निघालं तरी भरून पावलं, आणि तेही सगळे थ्रेड एकदम राबत असतील तर. मेल, ब्राउझर, एखादी शीट, रात्री व्हिडिओ. यात आठही थ्रेड कधी राबतात ते दाखवा.

एन१०० मधले ग्रेसमाँट (इंटेलचे छोटे, कमी वीज खाणारे) कोर स्कायलेकच्या (इंटेलच्याच २०१५ च्या कोरच्या) तोडीचे, असं इंटेलने २०२१ मध्येच सांगितलं होतं. त्याला जुना म्हणून हिणवायचं असेल तर ७३२०यू मधला झेन २ (एएमडीचा कोर) तरी कुठे ताजा आहे? तो २०१९ चा. कागदावर ३.४ विरुद्ध ४.१ गिगाहर्ट्झ दिसतं खरं, पण एकट्या थ्रेडच्या कामात एका चाचणीत हा पुढे, दुसरीत तो. एव्ही१ (नव्या कॉम्प्रेशनचा) व्हिडिओ दोन्ही चिपा हार्डवेअरवर उलगडतात. आणि हे सगळं एन१०० करतो ६ वॅटमध्ये, समोरचा १५ मध्ये. माझ्या मशीनला पंखाच नाही. रात्री शेजारी कोणी झोपलं असेल तर त्याची किंमत कळते.

थ्रेडबहाद्दर

"एका सदस्याने" काय? तो सदस्य मीच. नाव घ्यायला जीभ झडते का?

तुमची रोजच्या वापराची व्याख्या २०१० ची आहे. आज रोजचा वापर म्हणजे व्हिडिओ कॉल, त्यात स्क्रीन शेअर, मागे वीसेक टॅब, त्यामागे क्लाउडचं सिंक, आणि अँटिव्हायरसला नेमकी तेव्हाच आठवण येते. बहिणीकडे एन१०० चाच लॅपटॉप आहे. कॉल चालू असताना मागे अपडेट सुरू झालं. टास्क मॅनेजर उघडायलाच पाऊण मिनिट गेलं, उघडला तर सीपीयू १०० टक्क्यांवर ताठ, आणि समोरचा माणूस रोबोटसारखा तुटक बोलतोय. तिने कॉल बंद करून मोबाइलवरून जोडला. हा तुमचा पुरेसा प्रोसेसर. शांतता मात्र खूप होती हो, पंखा नाही ना!

वॅटमीटर

दोघेही टीडीपीचा (कंपनीने चिपला लावलेल्या वॅटचा) आकडा वीजबिलासारखा वाचताय. ६ वॅट म्हणजे चिप कायम ६ वॅट खाते असं नाही, आणि १५ चंही तेच. लॅपटॉप बनवणारा पीएल१ आणि पीएल२ (चिपला सलग किती आणि थोडा वेळ किती वॅट घेऊ द्यायचे त्या मर्यादा) किती ठेवतो त्यावर सगळं नाचतं. हाच एन१०० एका मशीनमध्ये ६ वॅटला बांधलेला असतो, दुसऱ्यात पंखा देऊन १५ पर्यंत मोकळा सोडलेला. बांधलेल्या मशीनवर मोठं काम लावा आणि घड्याळ बघा: पहिला अर्धा मिनिट गाडी जोरात पळते, मग वेग पायऱ्या उतरायला लागतो. ७३२०यू सुद्धा ८ वॅटपर्यंत खाली आणता येतो. पातळ मशीनमध्ये तसा आणलेला असेल तर ४.१ गिगाहर्ट्झ फक्त स्टिकरवरच राहतं.

बॅटरीचंही तसंच. साध्या कामात दोन्ही चिपा बहुतेक वेळ डुलक्या घेत असतात आणि वीज खातो तो डिस्प्ले. ३८ वॅट-तासाची बॅटरी आणि ५० ची बॅटरी यातला फरक प्रोसेसर बदलून भरून निघत नाही. जाहिरातीत हा आकडा सर्वांत खाली, बारीक अक्षरात का असतो याचा विचार करा.

स्क्रू_ड्रायव्हर

वॅट, थ्रेड, गिगाहर्ट्झ... रॅमबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही अजून. ७३२०यू मधला मेमरी कंट्रोलर फक्त एलपीडीडीआर५ (कमी विजेवर चालणारी रॅम) घेतो. म्हणजे रॅम बोर्डवर सोल्डर, सुटका नाही. ८ जीबी घेतलीत तर मरेपर्यंत ८, आणि त्यातलाही एक लचका ग्राफिक्स तोडणार. एन१०० निदान डीडीआर४ किंवा डीडीआर५ ची पट्टी घेतो. चॅनेल (रॅमकडे जाणारा रस्ता) एकच आहे, मान्य, पण स्लॉट असला तर पट्टी बदलता येते. इंटेलच्या कागदावर मर्यादा १६ जीबी, लोक ३२ लावून बसलेत.

गेल्या वर्षी घरातला एक लॅपटॉप उघडला, ८ च्या १६ करू म्हणून. तळाचे स्क्रू काढले, झाकणाच्या खाचा जुन्या एटीएम कार्डाने सोडवल्या, तर आत रॅमच्या जागी टिकलीएवढ्या चार काळ्या चिपा, बोर्डला घट्ट चिकटलेल्या. बाजूला रिकामी जागा इतकी की दोन स्लॉट मावले असते. जागा वाचवायची होती म्हणे! सेवा केंद्रात विचारलं तर "बोर्ड बदलावा लागेल", आणि बोर्डाची किंमत जवळजवळ नव्या मशीनची. तेव्हापासून सोल्डर रॅम दिसली की मी पुढचं वाचतच नाही.

निवांत_बसलेला

स्क्रू_ड्रायव्हर काका आले, म्हणजे आता मूळ विषय गेला.

वॅटमीटर

काका, संताप समजतो, पण सोल्डरमागे नुसती कंपन्यांची हलकटाई नाही. एलपीडीडीआर५ कमी व्होल्टेजवर चालते आणि झोपलेल्या मशीनमध्ये फार कमी वीज खाते. तो वेग त्या व्होल्टेजवर टिकवायचा तर प्रोसेसर ते रॅम हे अंतर इवलंसं लागतं. मधे नेहमीचा स्लॉट आला की सिग्नल बिघडतो. एलपीडीडीआर५ ची नेहमीची सोडिम (लॅपटॉपच्या स्लॉटात बसणारी) पट्टी बाजारात का दिसत नाही, याचं कारण हेच.

आणि एक. एन१०० "स्लॉट घेऊ शकतो" आणि तुम्ही विकत घ्याल त्या एन१०० लॅपटॉपला स्लॉट असेल, या दोन वेगळ्या गोष्टी. स्वस्त एन१०० मशीनमध्येही एलपीडीडीआर५ सोल्डर केलेली खूप सापडते.

स्क्रू_ड्रायव्हर

अहो वॅटमीटर, सिग्नलचं पुराण मलाही पाठ आहे. मग एलपीकॅम२ (कॅम२ प्रकारचं, सुटं होणारं एलपीडीडीआर मॉड्यूल) कुठून आलं? कॅम२ चं मानक जेडेकने (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये ते बसलेलं जगाने पाहिलं. रॅम एलपीडीडीआर, अंतर कमी, आणि स्क्रू काढून बदलता येते. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, करायचं नव्हतं. तुमच्यासारखे हुशार लोक वकिली करतात म्हणून कंपन्या शेफारल्यात.

वॅटमीटर

वकिली? कारण सांगणं आणि समर्थन करणं यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. थिंकपॅड पी१ ही वर्कस्टेशन आहे. तिच्या किमतीत असले किती एन१०० येतील ते तुम्हीच मोजा. सर्वांत स्वस्त मशीनमध्ये तो महागडा कनेक्टर कोण घालणार? तुम्ही जास्तीचे पैसे द्याल?

स्क्रू_ड्रायव्हर

देईन. दोन वर्षांनी अख्खं मशीन फेकण्यापेक्षा आज कनेक्टरचे पैसे देईन. पर्याय ठेवलाय का कोणी समोर?

धाकटी_पाती

दोघं जरा थांबाल का. ज्याला खरंच स्वस्त लॅपटॉप वापरावा लागतो असं या धाग्यावर मी सोडून कोणी दिसत नाही.

माझ्याकडे एन१०० आहे. प्रोसेसरने कधी रडवलं नाही. रडवलं ते ईएमएमसीने, म्हणजे एसएसडीहून संथ अशा स्वस्त स्टोरेजने. १२८ जीबी लिहिलं होतं, "एसएसडी" असं कुठेच लिहिलं नव्हतं आणि मला तेव्हा त्यातला भेद माहीत नव्हता. विंडोजचं मोठं अपडेट आलं की डिस्क १०० टक्के, सीपीयू आरामात, आणि मी भिंतीकडे बघत. थ्रेडबहाद्दरांच्या बहिणीच्या मशीनमध्ये तेव्हा डिस्कचा रकाना किती दाखवत होता? पाहिलात का तो? टास्क मॅनेजर उघडायला पाऊण मिनिट लागणं हे मला प्रोसेसरचं लक्षण वाटत नाही.

आणि रॅम नंतर वाढवू म्हणणारे सगळे पुरुष आयडी आहेत हे सहज नोंदवते. मी कधी तळ उघडणार नाही, मला पहिल्या दिवशी १६ हवी.

स्क्रू_ड्रायव्हर

ताई, उघडायला शिकवतो, पंधरा मिनिटांचं काम आहे.

धाकटी_पाती

हेच म्हणत होते मी.

नावात_काय_नाही

मला या सगळ्यापेक्षा नावांचा राग येतो. ७३२०यू: पहिला ७ म्हणजे २०२३ चं मॉडेल, आणि तिसरा अंक २ म्हणजे झेन २. आता शेजारचा ७३३०यू बघा. नावात एका अंकाचा फरक, आत झेन ३, एल३ कॅश (चिपमधली छोटी जलद मेमरी) ४ च्या जागी ८ एमबी, आणि काकांच्या आवडीची डीडीआर४ सुद्धा चालते. दुकानात विकणाऱ्याला हे माहीत असतं का? तो म्हणतो "दोन्ही ७००० सीरीज, एकच आहे".

इंटेलवाल्यांनी लगेच हसू नये. त्यांनी पेंटियम-सेलेरॉन पुसून टाकून जे नवं नाव दिलं ते "इंटेल प्रोसेसर". अरे वा, आम्हाला वाटलं होतं पंखा आहे. आणि आय३-एन३०५ वर आय३ चं स्टिकर, आत आठही कोर तेच ग्रेसमाँट. आय३-१२१५यू मध्ये दोन मोठे कोर असतात, त्याच्यावरही आय३ च.

थ्रेडबहाद्दर

७३३०यू मिळत असेल तर तोच घ्या, यात वाद नाही. पण सायलेंट_मोडांनी माझ्या एका मुद्द्याला अजून हात लावलेला नाही. सगळे कोर राबवणाऱ्या कामात ७३२०यू एन१०० च्या पुढे आहे की नाही? हो किंवा नाही.

सायलेंट_मोड

हो. स्पष्ट पुढे आहे, पुरेशी वीज आणि पंखा मिळाला तर. फोटोंचा गठ्ठा एक्सपोर्ट करायचा, मोठं झिप उघडायचं, तिथे फरक दिसेल. ग्राफिक्सही त्याचं बरं, पण दोन्हींवर नवे गेम हा विनोदच आहे. "दुप्पट" मात्र नाही. आणि जे काम महिन्यातून एकदा होतं त्यासाठी रोज पंख्याची घरघर ऐकायची माझी तयारी नाही.

तुम्ही बहिणीच्या मशीनवर एचडब्ल्यूइन्फो (मशीनची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून पीएल१ किती आहे ते बघून सांगाल का? अंदाजाने भांडण्यापेक्षा ते बरं. ताईंनी विचारलेला डिस्कचा प्रकारही बघा.

निवांत_बसलेला

आता बहीण तिसरा प्रोसेसर घेणार.

थ्रेडबहाद्दर

बघितलं. पीएल१ ६ वॅट, पंखा नाही, डिस्क ईएमएमसी. झालं समाधान? वर रॅम ४ जीबी, सोल्डर. काकांनी यावर परत निबंध लिहू नये.

"दुप्पट" काढून "बराच जास्त" असं करतो. पाहिजे तर तुमच्या हस्ते उद्घाटन करू. पण मला सांगा, बायोसमध्ये ६ वॅटला बांधून, पंखा काढून, ईएमएमसी लावून विकणाऱ्याला ही चिप नेमकी आवडते कशासाठी? कारण ती तशी बांधली तरी कशीबशी चालते. म्हणून असली मशिनं एन१०० च्याच वाट्याला जास्त येतात. माझ्या बहिणीने चिप विकत घेतली नव्हती, लॅपटॉप घेतला होता. खोक्यावर पीएल१ छापलेला नसतो, एन१०० छापलेलं असतं. मग ते नाव वाचून लोकांना सावध करणं यात माझं काय चुकलं?

वॅटमीटर

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, नाइलाजाने. फक्त मग सावध करताना "पंखा नसलेला, ४ जीबीचा, ईएमएमसीवाला एन१००" असं पूर्ण लिहा. पंखा, एसएसडी आणि १६ जीबी असलेला एन१०० ई-कचरा नाही. आणि ८ जीबीला कायमचा जखडलेला ७३२०यू मीही कोणाला सुचवणार नाही.

स्क्रू_ड्रायव्हर

शेवटी आलात ना रॅमवर!