मदत हवी आहे: मीटरमध्ये चावीवाला लाल लाइट लुकलुकतोय, गाडी सुरू होत नाही (अर्जंट)

खाडीकाठी (सकाळी ८:१२)
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. सकाळपासून गाडी सुरू होत नाहीये, मीटरमध्ये गाडीच्या चित्रावर चावी असते ना तो लाल लाइट लुकलुकतोय आणि काही केल्या जात नाही. तीन दिवस आचऱ्यात धो धो पाऊस आहे, गाडी माडाखाली उघड्यावरच होती, म्हणजे पाणी गेलंय हे नक्की. प्रश्न एवढाच की पाणी कुठे जातं आणि कुठली वायर सुकवायची? घरात हेअर ड्रायर आहे. उद्या सकाळी कोकणकन्याने भाऊ वहिनी पोरं येतायत, कणकवलीला आणायला जायचंय, चतुर्थी तोंडावर आलीय, माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीचं) अर्धं सामान यायचंय आणि मी इकडे गाडीशी झटतोय. ज्याला माहितीय त्यानेच सांगा प्लीज.

गॅरेजवाला_बाबी (८:२०)
कुठली गाडी, कुठलं साल, पेट्रोल की डिझेल, चावी फिरवायची की बटण दाबायचं? सेल (स्टार्टर) मारतो का? मारत असेल तर इंजिन लागून बंद होतं की लागतच नाही? हे सगळं न सांगता ड्रायर घेऊन बसलात तर गणपती विसर्जनापर्यंत बसाल.

आंबेवाला (८:२४)
बॅटरी. डोळे झाकून बॅटरी. माझी अशीच गेल्या पावसात पावशीच्या पुढे बंद पडली, मीटरमध्ये सगळे लाइट नाचत होते, जंपर लावला आणि झटक्यात सुरू. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी हिरवी बुरशी धरते, ती गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून घासा, वर पेट्रोलियम जेली लावा. दर सहा महिन्यांनी करायचं, कोणी करत नाही.

सुको_बांगडो (८:२७)
माका विचारशात तर उंदीर. पावसात उंदीर सुकी जागा शोधतत आणि बॉनेटाखाली ऊब आसता. आधी बॉनेट उघड, मगे काय ता बोल.

खाडीकाठी (८:३५)
वॅगनार, २०१२, पेट्रोल, चावीवाली. सेल एकदम कडक मारतो, दोनदा तर इंजिन लागलं पण आणि दीड-दोन सेकंदांत बंद. आंबेवाला, बॅटरी मार्चमध्येच टाकलीय, शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, १२.५ व्होल्ट दाखवतोय. आणि चावीचा काही प्रॉब्लेम नाही, रिमोटने दारं मस्त उघडतायत, लॉक होतायत. मी पाण्याबद्दल विचारलंय.

डोंगरवाट (८:४१)
उतारावर धक्का मारून सुरू कर की. सेकंड गियर टाक, क्लच सोड.

खाडीकाठी (८:४४)
मारला. चार माणसं लावून देवळाच्या उतारावर. आता गाडी उतारावरून खाली आहे आणि वर कशी आणायची हा वेगळा धागा काढावा लागेल.

गॅरेजवाला_बाबी (८:५८)
धक्क्याने होणारच नाही. हा लाइट इमोबिलायझरचा. चावी ओळखली नाही की कॉम्प्युटर लगेच पेट्रोल तोडतो, मग सेल मारा, धक्का मारा नाहीतर बैल जुंपा. इंजिन लागून दोन सेकंदांत बंद होतं ना, तीच खूण आहे. इग्निशन ऑन केल्यावर हा लाइट दोन-चार सेकंद पेटून विझला तर सगळं ठीक, लुकलुकत राहिला तर चावीची ओळख पटली नाही. गाडी लॉक करून उभी असताना काही गाड्यांत लाल दिवा लुकलुकतो तो चोराला दाखवायला असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही, लोक तिथेच गोंधळतात.

आणि सेल कडक मारतोय म्हणजे बॅटरीचा विषय संपला. आंबेवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आंबेवाला (९:०३)
वाईट कशाला वाटेल. पण १२.५ हे गाडी उभी असतानाचं. सेल मारताना किती खाली येतं ते कोणी बघितलंय? दहाच्या खाली गेलं तर हे कॉम्प्युटर काहीही करतात. नवीन बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी असं नसतं.

गॅरेजवाला_बाबी (९:०६)
मग सेल कडक कसा मारेल, सांगा बघू.

पुण्याचा_कोकणी (९:१५)
थोडी माहिती देतो म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल. चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तारेचं वेटोळं बसवलेलं असतं, चावी ऑन केली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर निघते, त्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर जुळला तर इंजिन चालू राहतं. हे सगळं काही सेंटिमीटरच्या आत चालतं. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं आहे, ऑस्ट्रेलियात २००१, कॅनडात २००७. अमेरिकेत सक्ती नव्हती, तिथे काही गाड्यांत हा प्रकारच बसवलेला नव्हता, तर पोरांनी यूएसबी केबलचं टोक घालून गाड्या पळवायला सुरुवात केली, २०२१-२२ मध्ये त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते.

सुको_बांगडो (९:१७)
अमेरिकेतसून कणकवलीक कधी पोचतलास?

रेवतळ्याची_माई (९:२२)
😀 पण त्यांनी एक कामाचं सांगितलं की. चिपला बॅटरी लागत नाही म्हणजे रिमोट चालतो म्हणून चावी ठीक आहे असं होत नाही ना? रिमोटचा सेल वेगळा, चिप वेगळी.

गॅरेजवाला_बाबी (९:२४)
माईंनी बरोबर पकडलं. दारं उघडणारा भाग वेगळा आणि इंजिनाला ओळख देणारा वेगळा. एका रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी किंवा मोठी लोखंडी कीचेन आहे का? असेल तर काढा, एकटी चावी घालून बघा. आणि दुसरी चावी कुठाय?

मोकळा_वेळ (९:३०)
सोपा उपाय, इग्निशन ऑन करून दहा मिनिटं तशीच ठेवायची, लाइट विझला की बंद, असं तीनदा. गाडी चावी परत शिकते. नाहीतर बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेव, सगळं रिसेट होतं.

गॅरेजवाला_बाबी (९:३३)
दहा मिनिटांची युक्ती काही जुन्या अमेरिकन गाड्यांची आहे, आपल्याकडच्या गाड्यांना नाही. आणि बॅटरी काढून चावीचा नंबर पुसला जात असता तर चोराने तेच केलं नसतं का? फार तर रेडिओचं सेटिंग आणि घड्याळ जाईल.

डोंगरवाट (९:३६)
मी तर म्हणतो ही भानगडच काढून टाकावी. माझ्या ओळखीचा एक जण कॉम्प्युटरमधून इमोबिलायझर उडवून देतो, परत लाइटचं नाव नाही. खेड्यात कोण गाडी चोरतंय.

पुण्याचा_कोकणी (९:४०)
आणि उद्या चोरीला गेली की विमा कंपनीला काय सांगणार? मी काढून टाकलं म्हणून?

डोंगरवाट (९:४१)
२०१२ ची वॅगनार कोण चोरेल हो.

खाडीकाठी (९:४६)
माझ्या गाडीला नावं ठेवू नका. एक लाख तीस हजार चाललीय, एकदा दगा दिला नाही.

बाबी, रिंगमध्ये घराची चावी आणि एक पितळेचा गणपती आहे, काढून बघितलं, काही फरक नाही. दुसरी चावी भावाकडे डोंबिवलीला, त्याने दोन वर्षांपूर्वी नेली ती परत दिलीच नाही. आता वायर सांगा. स्टिअरिंगच्या खाली हात घातला तर ओल लागतेय.

वेंगुर्ल्याचे_नाना (९:५२)
भाऊ येणारच आहे तर त्याला फोन करून सांगा चावी विसरू नको. नाहीतर तो पिशवीत फराळ आणेल आणि चावी ठेवेल डोंबिवलीत. बाकी आचरा कणकवली रस्त्याची काय अवस्था आहे हो सध्या? आम्हाला परवा रामेश्वराच्या देवळात यायचंय.

आंबेवाला (९:५५)
नाना, खड्डे विचारू नका. सकाळी लवकर निघा.

सुको_बांगडो (९:५७)
रस्तो सोडा. बॉनेट उघडलंस काय?

वेंगुर्ल्याचे_नाना (९:५९)
आणि देवाला गाऱ्हाणं घातलं का? हसू नका, नवीन गाडी आणली तेव्हा घातलं असेल, नंतर विसरतात सगळे.

रेवतळ्याची_माई (१०:०४)
नाना 🙏 गाऱ्हाणं घालतीलच ते. मला एक सांग रे बाळा, गाडी शेवटची चालली कधी? आणि तेव्हापासून आजपर्यंत ही चावी कुठे पडली, पाण्यात भिजली, पोरांनी आपटली असं काही झालं का? माझ्या मुलाच्या चावीवरून ट्रॅक्टर गेला होता, वरून दिसायला काही नाही, आतली चिप तुटलेली.

खाडीकाठी (१०:०९)
रविवारी चालली, मस्त. मग पाऊस लागला तशी उभीच आहे. चावी कुठे पडली नाही हो, उलट काल बाइकने मालवणला गेलो होतो तेव्हा बाजारात नवीन कव्हर बसवून आणलंय. जुन्याचं रबर फाटलं होतं, बटण आत जायचं. आता चावी नव्यासारखी चकाचक आहे, म्हणून तर म्हणतोय चावीचा प्रॉब्लेम नाही.

गॅरेजवाला_बाबी (१०:१०)
अरे देवा.

पुण्याचा_कोकणी (१०:१०)
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं.

सुको_बांगडो (१०:११)
मेल्या!

खाडीकाठी (१०:१३)
का, काय झालं? कव्हरचा इमोबिलायझरशी काय संबंध? रिमोटचं सर्किट त्याने माझ्यासमोर काढून नव्यात बसवलं, पातं पण तेच आहे.

गॅरेजवाला_बाबी (१०:२१)
ऐका. काही चाव्यांत चिप रिमोटच्या सर्किटवरच असते, काहींत वेगळी असते, प्लास्टिकच्या डोक्यात एका खाचेत बसवलेली. काळा चौकोनी तुकडा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, कधी काचेची बारीक नळी. बघितलं तर प्लास्टिकचाच भाग वाटतो. घाईत कव्हर बदलणारा पातं घेतो, सर्किट घेतो आणि चिप राहते जुन्या कव्हरात. दारं उघडणार, कुलपात चावी फिरणार, सेल मारणार, फक्त इंजिन चालू राहणार नाही. तुमच्याकडे तंतोतंत हेच झालंय. गाडीत पाणी शिरलेलं नाही, ड्रायर बहिणीला परत द्या.

जुनं कव्हर कुठाय? टाकलं असेल तर आत्ता बाइक काढा आणि त्या दुकानाची कचऱ्याची बादली धरा.

खाडीकाठी (१०:२३)
ड्रायर बायकोचा आहे. जुनं कव्हर त्याने बहुतेक हातात दिलं होतं. थांबा.

आंबेवाला (१०:२५)
मी तरी म्हणेन सेल मारताना एकदा व्होल्ट बघून घ्या.

मोकळा_वेळ (१०:२८)
माझ्या स्कूटरला पण असाच पिवळा लाइट येतो, इंजिनचं चित्र. ते पण कव्हरमुळे असेल का?

रेवतळ्याची_माई (१०:३१)
नाही रे, ते वेगळं. नवा धागा काढ.

वेंगुर्ल्याचे_नाना (१०:४०)
मिळालं का? जीव टांगणीला लागलाय इथे.

खाडीकाठी (१०:५२)
मिळालं!! रेनकोटच्या खिशात होतं, रेनकोट पडवीत वाळत. आई धुवायला टाकणार होती, दहा मिनिटं उशीर झाला असता तर गेलंच होतं साबणाच्या पाण्यात. आत टॉर्च मारून बघितलं तर खरंच कोपऱ्यात काळा तुकडा आहे, मी पण प्लास्टिकच समजलो असतो. आता काय करू? सुईने काढतोय पण घट्ट बसलाय.

गॅरेजवाला_बाबी (१०:५३)
सुई ठेवा खाली! तो तुटला तर नवीन चिप आणि लॅपटॉप लावून प्रोग्रामिंग, चतुर्थीच्या आठवड्यात कोणी हात लावणार नाही. जुनं कव्हर आहे तसं कुलपाच्या तोंडाशी चिकटवून धरा आणि नवी चावी फिरवा.

खाडीकाठी (११:०४)
सुरू झाली!!! पहिल्या झटक्यात. लाइट दोन सेकंद पेटला आणि गेला. एका हाताने कव्हर धरलं, दुसऱ्याने चावी, पाच मिनिटं तशीच चालू ठेवली, बंद नाही पडली. शेजारचे टाळ्या वाजवतायत. बाबी, तुमचा पत्ता पाठवा, मोदक पोचवतो. त्या कव्हरवाल्याकडे आता जाऊन चांगला तासतो.

रेवतळ्याची_माई (११:०८)
तासू नकोस, त्याच्याकडूनच चिप नव्या कव्हरात बसवून घे, फुकट. समोर उभा राहा पण या वेळी. उद्यापुरतं जुनं कव्हर नव्या चावीला इन्सुलेशन टेपने बांधून टाक. आणि भावाकडची चावी मागून घे आता.

खाडीकाठी (११:१२)
बांधली टेपने. बायको म्हणतेय चावी आहे की जखमी माणूस. भावाला फोन झाला, त्याला दुसरी चावी आपल्याकडे आहे हेच आठवत नाहीये.

आंबेवाला (११:१५)
टर्मिनल घासले का?

खाडीकाठी (११:३०)
आंबेवाला, तुमच्यासाठी म्हणून बॉनेट उघडलं. टर्मिनल स्वच्छ आहेत. पण एअर फिल्टरच्या डब्यावर नारळाच्या सोडणाचं घरटं आहे, हे एवढं, आणि बाजूला अर्धी सुपारी.

सुको_बांगडो (११:३१)
सकाळी ८:२७ चो मेसेज परत वाच. आणि तंबाखूची पुडी ठेव थंय, डांबरगोळये नको, ते उंदीर खेळाक नेतत.