शाळेतील लॉकडाउनचा सराव : मुलीला काय सांगावे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथील कायद्यानुसार शाळांत दर महिन्याला आगीच्या सरावाबरोबर एक सुरक्षा सरावही घेतला जातो. दुसरीतली माझी मुलगी परवा लॉकडाउनच्या, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरल्यास लपून बसण्याच्या सरावाबद्दल सांगत होती, की बाईंनी दिवे मालवले, दार बंद केले आणि सगळी मुले दप्तरांच्या कप्प्यांपाशी भिंतीला टेकून चिडीचूप बसली. एकाला शिंक आली, तर ती त्याने बाहीत दाबली. अशा सरावाचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण खरी भिस्त कुलपावर असते. कनेक्टिकटमधील सँडी हूकच्या शाळेत २०१२ साली बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात २० मुले व ६ प्रौढ मारले गेले. तेथील वर्गांची दारे बाहेरूनच किल्लीने बंद करता येत होती, आणि दहा वर्षांनी गोळीबार झालेल्या टेक्सासमधील उवाल्डेच्या शाळेतही तीच गत होती. शिवाय उवाल्डेत पोलिसांनी वर्गात शिरायला तासाहून अधिक वेळ लावला. म्हणून आपण मुख्याध्यापकांना आधी हेच विचारावे, की दार आतून बंद होते का.

उत्तर : मी शिक्षिका आहे. नकली गोळीबाराचे आवाज काढून किंवा पूर्वसूचना न देता घेतलेल्या सरावांना अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली विरोध केला होता. लहान मुलांना ‘बाई सांगतील तसे शांत बसायचे’ एवढे पुरते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. कुलपाचे सोमवारीच विचारतो.