मदत हवी आहे: कोचीहून शिडाच्या होडीने उत्तरेकडे कधी निघावं?

मी अमळनेरची. आमच्याकडे पाणी म्हणजे बोरी नाहीतर तापी, समुद्राचं काही कळत नाही, म्हणून कोकणातल्या जाणकारांना विचारते. माझा धाकटा भाऊ मित्रासोबत शिडाच्या होडीवर आहे. मुंबईला यायचंय, पण आठ दिवसांपासून दोघं कोचीत बोळगट्टी बेटावरच्या मरीनात थांबलेत. वारा रोज दुपारी वायव्येकडून, म्हणजे अगदी तोंडावर येतो. पहाटे जमिनीवरून थोडा वारा सुटतो, तेवढ्यात किनाऱ्याजवळून पुढे सरकायचं आणि दुपारी थांबायचं, असा त्याचा विचार आहे. हे खरंच जमतं का? रात्री मासेमारीच्या जाळ्यांचं काय? मंगळूर, कारवार, गोवा यांपैकी छोट्या होडीला सुरक्षित थांबा कुठे मिळेल?

एप्रिल संपत आला. १ जूनच्या आसपास केरळात पाऊस लागतो, त्याआधी वादळाचीही भीती असते. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज तो रोज बघतोच. मला तर वाटतं, होडी तिथंच ठेवून रेल्वेने यावं. आई रोज फोनवर एकच विचारते, "भाऊ, घर कव्हय येशी?"

ज्यांनी या दिवसांत हा किनारा केलाय, त्यांनी कृपया सांगा.