‘रात्री नऊपर्यंत टोकन टाका, नाहीतर गेलं समजा’: इंद्रजालच्या अंकांसाठी पैसे पाठवू का?

वाळवंटीकाठची (सांखळी)

नमस्कार मंडळी. आज रात्री नऊच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून थेट विचारते.

माझे बाबा खाणीवर टाइमकीपर होते. पगार झाला की पणजीला जायचे आणि येताना बसस्टँडवरून इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक आणायचे. वेताळ, मँड्रेक, पुढे बहादूर. वर्षाचे अंक जमले की लाल रेक्झिनमध्ये बाइंडिंग. एका पावसाळ्यात वाळवंटीचं पाणी घरात शिरलं आणि खालच्या फळीवरचे सगळे खंड भिजले. वाळल्यावर त्यांच्या विटा झाल्या होत्या. बाबा आठ दिवस अंगणात बसून सुरीच्या पात्याने पान पान सोडवत होते. रंग या पानाचा त्या पानावर यायचा. शेवटी आईनेच ते सगळं उचलून नेलं.

बाबा आता ऐंशीचे झाले. नजर अजून शाबूत आहे. निदान दहा-बारा अंक तरी त्यांच्या हातात परत द्यावेत अशी माझी फार इच्छा आहे.

परवा व्हॉट्सॲपवर बेळगावचा एक विक्रेता भेटला. मराठी इंद्रजालचे चाळीस अंक, आणि वर अमर चित्र कथेचा इंग्रजी ‘कृष्ण’, ‘१९७० सालची पहिली आवृत्ती’. सगळे मिळून बावीस हजार. फोटो एकच आहे, चादरीवर पत्त्यांसारखे पसरलेले अंक. आतली पानं दाखवा म्हटलं तर म्हणाला, “ताई, रोज पन्नास जण विचारतात. फोटो काढत बसलो तर धंदा कधी करू?” आज सकाळपासून चार मेसेज आले. पुण्याचं गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार आहे, पाच हजार टोकन टाकलं तर तुमच्यासाठी बाजूला काढतो, असा संच पुढची दहा वर्षं दिसणार नाही.

पाच हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. पण खरंच हातचं गेलं तर? मोबाइल हातात घेऊन बसले आहे.

म्हापसेकर

टाकू नका. आतलं पान न दाखवता टोकन मागणारा माणूस मी तरी दारात उभा करणार नाही. आणि तुमच्या किंवा इतर कुणाच्या हातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

जुना_अंक (मडगाव)

ताई, मोबाइल बाजूला ठेवा आणि आधी जेवून घ्या. नऊ वाजून जाऊ देत.

तीस वर्षं मी हे अंक जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात ‘कृष्ण’पासून, कारण तुमच्या बावीस हजारांतला मोठा वाटा त्याच्याच नावावर लावलेला असणार. अमर चित्र कथेत ‘कृष्ण’चा क्रमांक ११. त्याआधीचे दहा अंक सिंड्रेला वगैरे परदेशी परीकथांचे. ‘कृष्ण’ तेव्हापासून इतक्या वेळा छापला गेलाय की जुनी दिसणारी प्रत मिळणं कठीण नाही. पहिल्या छपाईची मिळणं कठीण आहे. मग ओळखायचं कसं? प्रकाशकाचा पत्ता वाचा. आपल्याकडे पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात ‘बॉम्बे’पुढे नुसता एक-दोन आकडी विभाग असायचा. पत्त्यात ४०० ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर ती प्रत १९७० ची असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो. दुसरं, आत किंवा मागे इतर अंकांची यादी असते, तिच्यातला शेवटचा क्रमांक बघा. अकराव्या अंकाच्या यादीत शंभराच्या पुढचे अंक असतील, तर ते शंभर अंक निघाल्यानंतर ही प्रत छापली, एवढं उघड आहे. या दोन फोटोंना दोन मिनिटं लागतात. तेवढी त्याच्याकडे नाहीत आणि चार मेसेज लिहायला वेळ आहे, याचा विचार करा.

इंद्रजालच्या अंकांसाठी मधल्या पानाचा फोटो मागा, पानं जोडणाऱ्या स्टेपलच्या पिना दिसतील असा. आपल्या किंवा बेळगावच्या हवेत पन्नास पावसाळे काढलेली पिन गंजल्याशिवाय राहत नाही. गंज कागदात उतरतो आणि पिनेभोवती तपकिरी डाग पडतो. डाग आहे पण पिन चकचकीत, तर अंक उघडून पुन्हा शिवलाय. मधली पानं दुसऱ्या अंकातली असू शकतात, किंवा चार पानं कमीही असू शकतात. पिन नवी, डाग नाही आणि कागद मात्र सगळीकडे सारखाच पिवळा, तर जास्तच सावध व्हा. वर्तमानपत्री कागद हवेने पिवळा पडतो, म्हणून आधी कडा पिवळ्या होतात आणि आतला भाग उजळ राहतो.

एक भिंग घेऊन ठेवा, शाळेच्या दुकानात मिळतं ते पुरे. चित्राबाहेरच्या कोऱ्या कडेवर धरा. अस्सल अंकात तिथे नुसता कागद दिसतो. जुन्या अंकाचा स्कॅन काढून पुन्हा छापलेला असेल तर त्या कोऱ्या जागेतही बारीक रंगीत ठिपके दिसतात, कारण कागदाचा पिवळेपणासुद्धा शाईने छापलेला असतो. पहिल्यांदा मला हे दिसलं ते माझ्याच कपाटातल्या एका अंकावर. तो मी अशाच घाईत, अशाच ‘शेवटची प्रत’ म्हणून घेतला होता. फार वाईट वाटलं होतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. हातचं जातं, हे खरं आहे. माझंही गेलंय. इथे बोर्ड्यात एक जुनं घर विकायला निघालं होतं, मुलं दुबईला. त्यांच्या आईने मला फोन केला, माळ्यावर पुस्तकांची पेटी आहे, सवड झाली की येऊन बघा. मी चवथीनंतर येतो म्हणालो. गेलो तेव्हा पेटी रिकामी होती, रद्दीवाला किलोवर घेऊन गेला होता. तळाशी एक सुटं मुखपृष्ठ राहिलं होतं, बी. गोविंद यांनी रंगवलेलं, ते मी अजून जपून ठेवलंय. त्या बाई मला एकदाही ‘लवकर या’ म्हणाल्या नव्हत्या. त्यांना त्या कागदांची किंमतच ठाऊक नव्हती. ज्याला किंमत ठाऊक आहे तो अंक रद्दीत घालत नाही, ताई. तो गिऱ्हाईकाची वाट बघतो, आणि तुम्ही रविवारी येते म्हणालात तर रविवारपर्यंतही थांबतो. सांखळीहून चोरला घाटाने बेळगाव सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. येऊन बघते म्हणा, काय उत्तर येतं ते बघा.

तारवटी_वास्को

मी जहाजावर होतो तेव्हाचं सांगतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक निघाला, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांचा. बंदराजवळचा दुकानदार म्हणाला, पाचही घे, मुलांच्या शिक्षणाची सोय होईल. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला, तेव्हाही तेच, शेवटच्या चार राहिल्यात. मी दोन्ही वेळा घेतले. ‘एक्स-मेन’च्या त्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती निघाल्या होत्या, हे मला खूप नंतर कळलं. सगळ्यांनी माझ्यासारखेच जपून ठेवल्यावर त्यांची टंचाई येणार कुठून? १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाला कोटींत भाव मिळतो, कारण तेव्हा मुलांनी वाचून, फाडून तो टाकून दिला. दुकानात ढीग लावून ‘दुर्मीळ’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास त्यानंतर राहिला नाही.

म्हापसेकर

अजून एक. इंग्रजी इंद्रजालची यादी कुणी ‘१०१ ते १२५, एकही अंक गाळलेला नाही’ म्हणून पाठवली, तर यादी तिथेच बंद करा. संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नव्हते. मला अशी यादी एकदा आली आहे, आणि खालीच लिहिलं होतं, ‘फक्त आजच्या दिवसासाठी’.

वाळवंटीकाठची (सांखळी)

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

त्या रात्री मी टोकन टाकलं नाही. पत्त्याचं पान, यादीचं पान आणि मधल्या पिना, असे तीन फोटो मागितले, आणि रविवारी स्वतः येऊन सगळे पैसे रोख देते म्हणून कळवलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं, “गेलं ताई.” खोटं नाही सांगत, मला रडू आलं. बाबांना काही बोलले नव्हते ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा मेसेज. पुण्याच्या गिऱ्हाईकाने रद्द केलं, तुम्हाला अठरा हजारांत देतो, पण दुपारपर्यंतच. मी पुन्हा तेच तीन फोटो मागितले. दुपारी ‘कृष्ण’च्या पत्त्याचा फोटो आला. ‘बॉम्बे’ आणि पुढे सहा आकडी पिन, ४०० पासून सुरू होणारा. मी तेवढाच आकडा गोल करून परत पाठवला. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. पिनांचे फोटो शेवटपर्यंत आले नाहीत.

जुना_अंक काकांनी मग मला वेगळा मेसेज केला होता, जोडप्रती आहेत, बाबांना घेऊन या. रविवारी आम्ही मडगावला गेलो. काकांनी टेबलावर सहा मराठी अंक मांडले, शेजारी भिंग ठेवलं आणि स्वतः आत चहा टाकायला गेले. बाबांनी भिंगाला हातही लावला नाही. एक अंक उचलला, उघडला, आणि पाठीच्या कडेवरून अंगठा फिरवत गेले. कडेला ओळीने बारीक भोकं होती. “हा बाइंडिंगमधून सोडवलाय,” म्हणाले, “वरून कापलाय पण. वेताळाच्या डोक्यावर बघ, जागाच नाही.” काका आतून म्हणाले, बरोबर, म्हणूनच तो स्वस्त आहे.

तोच आधी घेतला. एकूण चार घेतले, काकांनी सांगितलेल्या भावात, प्रत्येकातला दोष आधी दाखवून. परतीच्या बसमध्ये फोंडा येईपर्यंत बाबांचे दोन वाचून झाले होते.

कुणाकडे मराठी इंद्रजालच्या जोडप्रती असतील तर कळवा. कडा फाटलेल्या, नाव लिहिलेल्या, बाइंडिंगमधल्या, सगळ्या चालतील. पान मात्र एकही कमी नको. मधल्या पानाचा फोटो आधी पाठवा, मी गोव्यात कुठेही येऊन बघेन.