गार्डची ड्यूटी केलीय? अनुभव लिहा

सिक्युरिटी गार्ड म्हणजे गेट उघडणारा माणूस, एवढंच बऱ्याच जणांना वाटतं. ज्यांनी ही ड्यूटी केलीय किंवा घरातलं कोणी करतंय त्यांनी लिहा, कसंही चालेल. सुरुवात मी करते. माझे बाबा गार्ड होते. चार्ज घेताना नुसत्या शब्दावर सही नाही करायचे, चाव्या मोजणार, कुलपं ओढून बघणार, फायर सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघणार आणि मग रजिस्टर.

रात्रपाळीवाला
बाबांचं अगदी बरोबर. मी एक सांगतो, राउंडची वेळ आणि रस्ता रोज बदलायचा, नाहीतर पाळत ठेवणाऱ्याला आपलं टाइमटेबल पाठ होतं. पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट, शरीरच थंड पडतं, खुर्चीत बसलं की संपलं. अशाच वेळी एकदा बेसमेंटला जळका वास आला, बघतो तर पंपाच्या पॅनलमधून धूर, सोबतचा नवीन पोरगा बादली घेऊन धावला, त्याला ओरडून थांबवलं कारण चालू करंटवर पाणी म्हणजे आपलाच जीव जायचा, आधी मेन बंद केला मग सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा फायर सिलिंडर मारला. सकाळी रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा पुढच्या पाळीचा गार्ड, आलाच नाही, तसाच डबल ड्यूटीला उभा राहिलो. आगीपेक्षा त्याचा त्रास जास्त झाला, खरं सांगतो.

हॉस्पिटल गेट
मी लेडी गार्ड. बायकांची तपासणी बाईनेच करायची म्हणून सुट्टी मिळणं मुश्कील. पासशिवाय आत सोडलं नाही की नातेवाईक अंगावर येतात, पण त्यांचं माणूस आत सिरियस असतं, त्यांचा राग मी मनावर घेत नाही. आवाज खाली ठेवून बोलायचं, हात लावायचा नाही आणि मागे सुपरवायझरला वायरलेस करायचा. आपण पोलीस नाही हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

सोसायटीवाला
लिफ्ट अडकली तर दार जबरदस्तीने उघडू नका, लोक घाईत उडी मारतात आणि खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यात जातात. टेक्निशियन येईपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहा.

हॉस्पिटल गेट
अजून एक विचारायचं होतं. आमच्या गेटवर बसायला खुर्ची नाही, पाय सुजतात. कोणी मॅनेजमेंटकडून मिळवली असेल तर अर्जात काय लिहिलं ते सांगा प्लीज.