मदत हवी आहे : सारसांचं फुटेज आहे, पण डॉक्युमेंटरी जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी गोंदियाची, शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढते, ६ वर्षं झाली. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरलेत. मागच्या पावसाळ्यात धानाची रोवणी झाल्यावर ओळखीच्या एका काकांच्या बांधीत (धानाच्या शेतात) एका जोडीनं घरटं केलं, पाण्यात गवत-काडीचा ढीग आणि त्यावर २ अंडी. काकांनी तेवढा तुकडा सोडून निंदण केलं, धान गेलं तर गेलं म्हणाले. मी लांब धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) हिरवी जाळी लावून १५०-६०० लेन्सनं रोज शाळेआधी शूट करायची. पहाटे दुसरा पक्षी आला की बसलेला उठतो, मग आलेला चोचीनं अंडी हळूच फिरवतो आणि बसायच्या आधी दोघं माना वर करून एकदम ओरडतात, तेव्हा अंगावर काटा येतो.

तर आता ४० तासांचं फुटेज आहे. एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, अगं हे सगळे हलणारे फोटो आहेत, यात सीन कुठंय? आणि खरंय ते, सगळे क्लोजअप, वाईड जवळजवळ नाहीच, काकांचं निंदण तर मी शूटच केलं नाही, आवाज म्हणाल तर कॅमेऱ्याच्या माईकवर नुसती वाऱ्याची घरघर.

मला विचारायचंय की हे शिकायचं कुठं? पुण्याच्या एफटीआयआयचे (फिल्म इन्स्टिट्यूटचे) शॉर्ट कोर्स कुणी केलेत का, की सरळ एखाद्या वाईल्डलाईफ कॅमेरामनच्या हाताखाली राहावं? वाईल्डलाईफ फिल्म्स करणारे नरेश बेदी एफटीआयआयमधूनच शिकले, पण ‘द एलिफंट व्हिस्परर्स’वाली कार्तिकी गोन्साल्विस आधी फोटोग्राफरच होती ना, ५ वर्षं एका फिल्ममागे राहिली आणि २०२३ ला ऑस्कर मिळालं. त्या ५ वर्षांत घर कसं चालवायचं हे कुणी सांगत नाही हो! आई म्हणते नोकरी सोडू नको. जे या फील्डमध्ये आहेत त्यांनी प्लीज खरं सांगा, टूर, लग्नाची शूट्स, संस्थांच्या फिल्म्स, नेमकं कशावर भागतं?

अजून एक, अभयारण्यात शूट करायला वनविभागाची परवानगी लागते ते माहितीये, पण ही तर खाजगी शेती आहे, काकांकडून लेखी काय घ्यावं? मागं एका चॅनेलनं माझी क्लिप घेतली, नाव नाही की पैसे नाहीत, तेव्हापासून कागदाचं मनावर घेतलंय.

जुलैत परत रोवणी आहे, तोवर निदान साउंडचं शिकून घ्यायचंय. कमी बजेटमध्ये कुठला रेकॉर्डर घेऊ?

भर : दोघांनी ड्रोन सुचवलाय, धन्यवाद, पण घरट्यावर नाही उडवणार. पक्षी दचकून उठला की कावळे अंड्यांवर टपलेलेच असतात. वाईड शॉट धुऱ्यावरूनच कसा घेता येईल ते सांगा.