उजनीची गाळपेर जमीन: हक्क कुणाचा?

भीमाकाठ:
भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी ओसरलं की इंदापूर-करमाळ्याकडे काळी, भेगाळलेली जमीन उघडी पडते. कुठे जुन्या विहिरीचं कडं वर येतं, पळसदेवचं मंदिर तर सगळ्यांनीच पाहिलंय. ही जमीन संपादित झालेली, म्हणजे कागदावर सरकारची. गाळपेरीला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यायला, देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य आहे, पण ते तात्पुरतं. पुन्हा अर्ज, पुन्हा साहेबांच्या मागे हेलपाटे. तोवर ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याने नांगर घातलेला असतो. धरण १९८० साली पूर्ण झालं. ज्यांची शेतं त्यात गेली, त्यांच्या नातवंडांनी अजून अर्जच करत बसायचं? विस्थापित कुटुंबाच्या नावाने दहा वर्षांचा पट्टा, म्हणजे लेखी भाडेकरार, द्या.

कालवा:
अजिबात पटलं नाही. बुडीत जमीन ही शेतजमीन नव्हेच. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाला राहणारं पाणी. किती जमीन उघडी पडणार हे पाऊस ठरवतो, पट्टा नाही. दहा वर्षांचा कागद मिळाला की आधी खोपट, मग पाइपलाइन, मग 'पीक उभं आहे, पाणी अडवू नका' म्हणून मोर्चा. शिवाय सोलापूर शहर हेच पाणी पितं. युरिया आणि फवारणीचं औषध थेट त्यात जाणार. माझ्या मते कुणालाच देऊ नये.

भीमाकाठ:
कालवाभाऊ, देऊ नये म्हटल्याने पेरा थांबत नाही, चोरून होतो. चोरून पेरणाऱ्याला अट कोण घालणार? पट्ट्यातच लिहा: पाणी चढलं तर भरपाई नाही, बांधकाम नाही, रासायनिक फवारणी नाही. मोडली अट, पट्टा रद्द.

जाळंवाली:
तुम्ही दोघंही जमिनीवरच अडलात. मासे धरणाऱ्यांचं काय? मध्य प्रदेशात तवा जलाशयावर १९९६ साली विस्थापितांच्या मत्स्य संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. २००६ साली तो गेला, कारण हक्क ठेक्याच्या मुदतीवर टांगलेला होता. दहा वर्षांच्या पट्ट्याचंही तेच होईल. हक्क कायद्यातच लिहिलेला हवा. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, ते मजूर गाव बुडालं तेव्हाही यादीत नव्हते. आता तरी त्यांना धरा.

कालवा:
ताई, भूमिहीनांचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पट्ट्याला विरोध कायम. बुडीत क्षेत्राची हद्द कुठे संपते हेच जागेवर कुणाला दाखवता येत नाही, तिथे अट मोडली हे कोण सिद्ध करणार? आधी मोजणी करून हद्दीचे दगड रोवा, मग पट्ट्याचं बोलू.